बरी झाली असं धरून

माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे आम्हाला ती सहा वर्षांची असताना कळलं. त्याआधी आम्ही तिच्या दुखण्याला दरवेळी निराळं नाव देत होतो. आठ-नऊ महिन्यांची होती तेव्हा हातापायांचे पंजे सुजून वर आले, तेव्हा बायका म्हणाल्या दृष्ट लागली. दोन वर्षांची असताना डोळे पिवळे झाले, तेव्हा कावीळ म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी कावीळ उतरवणाऱ्याकडून झाडाच्या काड्यांची माळ आणून दिली. आमचं घर ख्रिस्ती. असल्या माळा आम्ही घालत नाही. पण पोरगी तापली होती, मी घातली. सासऱ्यांनी ती पाहिली, पण काढायला लावली नाही. पुढं पळायला-खेळायला लागल्यावर पाय दुखायला लागले की ‘वाढीचं दुखणं’ म्हणायचो.

मला हे समजायला हवं होतं असं मला अजून वाटतं, कारण मी अंगणवाडी सेविका आहे. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. मुलांची वजनं करणं, खिचडी शिजवून घेणं, रजिस्टर भरणं, गरोदर बायकांना गोळ्या घ्यायला लावणं हेच माझं काम. दर महिन्याला दुसऱ्यांच्या मुलांची वजनं लिहायची आणि स्वतःच्या मुलीचं लिहिताना हात आखडायचा. रक्त कमी आहे म्हणून मी तिला गूळ-शेंगदाणे, बीट, जे मिळेल ते खाऊ घालायचे. तपासणी करणारं पथक माझ्याच अंगणवाडीत आलं. मी टेबलाशेजारी बसून मुलांची नावं लिहून देत होते. बोटाला टोचून एकेकाचं रक्त घेतलं. ज्या तीन-चार मुलांना धुळ्याला मोठ्या तपासणीला बोलावलं, त्यात माझी मुलगी होती.

धुळ्याला आम्ही तिघं गेलो, मी, मुलगी आणि मिस्टर. डॉक्टरबाईंनी कागदावर तीन गोल काढले. दोन अर्धे रंगवले, एक पूर्ण रंगवला. म्हणाल्या, “अर्धा तुमच्याकडून, अर्धा यांच्याकडून. तुम्हा दोघांना त्रास नाही, पण हिच्यात दोन्ही एकत्र आले.” औषधं कायम घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, उन्हात-थंडीत जपायचं, असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं.  परत येताना शिरपूरच्या स्टँडवर उतरल्यावर मिस्टर म्हणाले, “माझ्याकडूनपण आहे ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग ठीक आहे.”

मला राग आला. ठीक कसलं? घरी पोचल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की दुखणं दोघांकडून आलं आहे. तेव्हा मला कळलं. गावात असं काही निघालं की बाईच्या माहेराचं नाव निघतं. त्यांना ते होऊ द्यायचं नव्हतं. ते गवंडीकाम करतात. बोलणं कमी.

तेव्हापासून रोज सकाळी तिची गोळी आणि कॅप्सूल, महिन्याला धुळ्याची फेरी, आणि संध्याकाळी प्रार्थना असं आमचं चालू झालं. आमच्या गावात पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. रविवारी शिरपूरहून पाळक उपासना घ्यायला मोटारसायकलवर येतात. मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. दर रविवारी माझ्या मुलीसाठी प्रार्थना व्हायची. ते मला बरं वाटायचं आणि जडही जायचं. कारण प्रार्थना संपली की कुणीतरी विचारायचंच, “आता कशी आहे?” मी म्हणायचे, “तशीच आहे.” विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा, जणू माझ्याकडूनच काहीतरी राहून गेलंय.

आमच्यात उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. एकीची पाठ बरी झाली, एकाची दारू सुटली, कुणाची हरवलेली म्हैस सापडली. मी पाच वर्षं टाळ्या वाजवत बसले. मनात यायचं, माझी पाळी कधी?

ती अकरा वर्षांची असताना फेब्रुवारीत आमच्याकडे तीन दिवसांची प्रार्थनासभा झाली. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. माणूस चांगला होता, हे मी आधीच सांगते. आमच्या घरी उतरले, खाटेवर बसून भाकरी आणि उडदाची डाळ जेवले, माझ्या वारलेल्या सासूबाईंची आठवण निघाली तर सासऱ्यांशेजारी बसून राहिले. मुलीबद्दल कळल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना करताना ते रडले. माझ्या मुलीसाठी परका माणूस रडतो हे पाहून मीही रडले. मग ते मला म्हणाले, “ताई, आजपासून ही बरी आहे असं धरून चाला. आता तुम्हीच ठरवा, विश्वास प्रभूवर ठेवायचा की गोळीवर.”

एवढंच. गोळ्या बंद करा असं ते म्हणाले नाहीत. ते वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात फिरवून पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गोळी दिली नाही. पाकीट डाळीच्या डब्यामागे ठेवलं. पहिले काही दिवस भीती वाटली, मग भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे असं वाटून अजूनच घट्ट झाले. आणि तिला काही झालं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ती खेळायची, शाळेत जायची. मिस्टरांनी एकदा विचारलं, “गोळ्या आणायला धुळ्याला जायचंय ना?” मी म्हटलं, “या महिन्यात राहू द्या, आहेत अजून.” ते खोटं नव्हतं. गोळ्या होत्याच. ते थापी-ओळंबा घेऊन कामावर गेले.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मी साक्षीला उभी राहिले. नवी साडी नेसले होते. सांगितलं, की माझ्या मुलीला देवानं बरं केलं, ती आता हसते-खेळते आहे. गोळ्या बंद केल्याचं मात्र सांगितलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, ढोलकी वाजली, गाणं झालं. मुलगी पुढच्या रांगेत बसली होती, सगळे तिच्याकडे बघत होते म्हणून लाजत होती. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या आनंदाच्या दिवसांपैकी होता, हे मी आज लपवत नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती चुलतबहिणींबरोबर मोहाची फुलं वेचायला गेली. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे पहाटेच सगळे टोपल्या घेऊन निघतात. एरवी मी तिला पाठवत नसे. पण बरी झालेल्या मुलीला अडवायचं कशाला? अकराला ती परत आली. टोपली अर्धीच भरलेली होती. ओसरीत बसली आणि म्हणाली, “मम्मी, पाय दुखतात.” मी पाणी दिलं, तेल लावलं. दुपारी कमरेपर्यंत दुखायला लागलं. ती रडणारी मुलगी नाही, पण त्या दिवशी ओरडून रडली. मी शेजारी बसून प्रार्थना करत होते. मोठ्यानं करत होते, म्हणजे तिचं रडणं मला कमी ऐकू यावं.

मध्येच ती म्हणाली, “मम्मी, माझी गोळी दे ना.”

मी म्हटलं, “तू बरी झालीयेस ना बाळा.”

“मग दुखतंय कशाला?”

 डाळीचा डबा माझ्यापासून चार पावलांवर होता. गोळी लगेच उतार देणारी नव्हती, हे मला माहीत होतं. पण मी उठले नाही ते त्यामुळे नाही. उठले असते तर पुनरुत्थानाच्या रविवारचं सगळं खोटं ठरलं असतं.

सकाळी तिला ताप भरला आणि श्वास भराभर चालायला लागला. मिस्टर आदल्या दिवशी शिरपूरला स्लॅबच्या कामावर राहिले होते, ते सकाळी आले. दारातूनच त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चपला न काढता आत आले आणि तिला उचललं. गावातल्या एका पिकअपमधून शिरपूर, तिथून अँब्युलन्सनं धुळे. वाटेत मी मनात उत्तरं जुळवत होते. डॉक्टर विचारतील, गोळ्या चालू होत्या ना? मग काय सांगायचं? हो, चालू होत्या. एखादवेळी विसरली असेल. असं सांगितलं तर कुणाला कळणार होतं?

तिथं तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलंच. मिस्टर म्हणाले, “हो, चालू आहेत.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी म्हटलं, “नाही. मी बंद केल्या.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारीपासून.”

“का?”

मी म्हटलं, “बरी झाली असं वाटलं.”

त्या ओरडल्या नाहीत. लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “छातीत गेलंय. आधी हिला बघू, बाकी नंतर बोलू.” मिस्टर माझ्याकडे बघत होते. त्यांनी तिथं काही म्हटलं नाही, पुढं घरीही नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, रक्त चढवलं. पहिले दोन दिवस मला प्रार्थना जमली नाही. डोळे मिटले की शब्दच यायचे नाहीत. आतापर्यंत माझी प्रार्थना म्हणजे अंगणवाडीच्या मागणीपत्रासारखी होती. काय हवं, किती हवं, कधीपर्यंत हवं. आता मागायला तोंड नव्हतं. देव रागावला आहे असं वाटलं, मग देवच नाही असंही वाटलं. वॉर्डमध्ये पंखे गरगर फिरत होते, मुलांच्या आया गोधड्या आवरत होत्या, आणि मी कागदाच्या पुठ्ठ्यानं मुलीला वारा घालत होते. तेवढं एकच काम मला सुचत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. माझे सासरे. तेव्हा सत्तरीच्या पुढचे असतील. एकटेच एसटीनं आले होते, पांढरी टोपी, धोतर, हातात फडक्यात बांधलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा. खाटेला टेकून खालीच बसले. नातीच्या पायावर हात ठेवला.

“काय म्हनस डॉक्टर?”

मी सगळं सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं, डब्याचं सांगितलं. माझ्या साक्षीला सगळ्यात आधी आमेन म्हणणारे तेच होते. मला वाटलं, आता हे उठून जातील.

त्यांनी नातीच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, “मन्हा दोन पोरं गयात, तुले माहीत शे?”

मला एवढंच माहीत होतं, की मिस्टरांच्या आधी दोन मुलं लहानपणी गेली. घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. आबा अहिराणीत, हळूहळू सांगत गेले. थोरला मुलगा, मग मुलगी. दोघांचे हातपाय असेच सुजायचे, डोळे असेच पिवळे. तेव्हा हे लोक ख्रिस्ती नव्हते. भगताकडे गेले, बकरं दिलं, कोंबडं दिलं. मुलगा गेला. दोन वर्षांनी मुलगी गेली. एका घरात दोन मुलं अशी गेल्यावर गावाला वाटलं, या घराला काहीतरी लागलंय. मुलीच्या वेळी मातीला भावकीतलंही कुणी आलं नाही.

“मंग?” मी विचारलं.

“मंग तो सायकलवाला उना.”

तालुक्याच्या गावाहून एक ख्रिस्ती कंपाउंडर आठवड्यातून एकदा सायकलीवर औषधं घेऊन खेड्यांत फिरायचा. त्याला रस्त्यात कळलं, की या घरात मूल गेलंय. तो आला. आबा अंगणात एकटे बसले होते. त्यानं सायकल कुडाला लावली, कुदळ कुठं आहे विचारलं, आणि आबांबरोबर जाऊन खड्डा खणला. परत येऊन दिवसभर अंगणात बसला. कुठलाही उपदेश त्यानं केला नाही. आबांच्या म्हणण्याप्रमाणं त्याला नीट बोलताही येत नव्हतं, अडखळायचा. संध्याकाळी आबांनी विचारलं, तुला कुणी पाठवलं? तो म्हणाला, देवानं.

आबा मला म्हणाले, “मन्हा पोरं त्यानी वाचाडा नहीत. पोरं तं आगोदरच गयथात. पन मन्हा आंगनमा कोनी बसाले तयार नव्हतं, तठे त्यानी मानूस धाडा. मी म्हनं, असा देव ऱ्हास तं मी त्यानाजोडेच ऱ्हासू.”

मी त्या घरात तोवर तेरा वर्षं नांदत होते. आबांनी धर्म का घेतला हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांचं काहीतरी बरं झालं असेल. सगळ्यांचं असंच असतं, असं मी धरून चालले होते.

आबांनी मग टोपी काढली आणि प्रार्थना केली. दोन-तीन वाक्यंच असतील. पोरीला बरं कर असं मागितलं, डॉक्टरांसाठी मागितलं, आणि सूनबाईले धीर दे म्हणाले. माझ्या चुकीचा त्यात उल्लेख नव्हता. मग फडकं सोडलं आणि म्हणाले, “खाई ले.” तीन दिवसांनी मी पोटभर जेवले. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईलाही ठेचा दिला. ती नशिराबादची होती, नवऱ्याच्या कामामुळे धुळ्यात राहायची, म्हणाली, “आमच्यापेक्षा तिखट आहे हो.”

मुलगी हळूहळू सुधारली. ऑक्सिजन निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, “तू मला खोटं सांगितलंस का?”

मी म्हटलं, “नाही. मला खरंच वाटत होतं.”

“मग पुढच्या वेळी मला विचार. दुखतं मला.”

मी तिची माफी मागितली. आमच्याकडे आईबाप मुलांची माफी मागत नाहीत. ती जरा गोंधळली, मग म्हणाली, “वेणी घट्ट घालू नको.” त्या दिवसापासून तिच्या गोळ्या तिच्या ताब्यात आहेत.

घरी आल्यावर मी पाळकांना म्हटलं, मला पुन्हा साक्ष द्यायची आहे. काय सांगणार ते सांगितल्यावर ते अडले. “ताई, मंडळीत नवीन लोक आहेत. त्यांचा विश्वास डळमळेल.” मिस्टरही म्हणाले, कशाला, झालं ते झालं. पण मी उभी राहून एक गोष्ट सांगितली होती आणि ती खरी नव्हती. बसल्याजागी ती कशी मागे घेणार? पाळकांनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले.

मी सांगितलं, की मी औषध बंद केलं. मुलगी मरता मरता वाचली. ती बरी झालेली नाही. तिचं दुखणं जन्माचं आहे. देवानं तिला बरं करावं असं मी अजून मागते, पण त्यानं केलं नाही म्हणून तो आम्हाला सोडून गेलाय असं मला आता वाटत नाही. दवाखान्यात तो आमच्याजवळ होता. कसा होता ते मला सांगता येणार नाही, आबा भाकरी घेऊन आले होते एवढं सांगता येईल.

टाळ्या झाल्या नाहीत. ढोलकीवाला हात ठेवून बसला होता. एक गृहस्थ उठून बाहेर गेले, त्यांचं कुटुंब पुढं काही महिने आलं नाही. एका बाईनं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की विश्वास कच्चा असला की असं होतं. मी म्हटलं, असेल. खरंच असेल.

दुसऱ्या दिवशी मी हातपंपावर होते. मंडळीतलीच एक तरुण बाई हंडा भरून झाला तरी जाईना. शेवटी म्हणाली, “अक्का, मन्हा पोरना बी डोया पिवळा व्हतस. कोठे दखाडनं पडस?”

त्यातून पुढचं झालं. मी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांशी बोलले. पाळकांशीही बोलले. एका रविवारी उपासना संपल्यावर प्रार्थनाघरातच तपासणी ठेवली. टेबल एकच होतं, ज्यावर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला ठेवतात ते. पाळकांनी त्यावरचं पांढरं कापड घडी करून ठेवलं आणि म्हणाले, “मांडा इथंच.” पहिलं बोट त्यांनी स्वतःचं पुढं केलं. मग एकेक जण आले. मंडळीबाहेरचे लोकही आले. मोठ्या तपासणीला कुणी जायचं ते काही आठवड्यांत कळलं. हातपंपावरच्या बाईच्या मुलाचं औषध त्याच पावसाळ्यात सुरू झालं. आबांनीही रक्त दिलं होतं. त्यांच्यात तो अर्धा गोल निघाला. मी कागद वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “म्हनजे भगतनी बी चूक नव्हती नि भूतनी बी नव्हती.” मग शेळ्यांना पाला टाकायला गेले. तो कागद त्यांनी मला परत दिला नाही.

ते प्रचारक दोन वर्षांनी पुन्हा आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “गोळ्या सोडा असं मी म्हटलं होतं का?”

“नाही. पण मी तसं ऐकलं.”

ते म्हणाले, “मी प्रार्थना करीन.” आता ते सभांमध्ये काय सांगतात मला माहीत नाही.

आता मुलगी एकोणीस वर्षांची आहे. जळगावला हॉस्टेलवर राहून शिकते. तिला पाठवताना माझा जीव वरखाली होत होता, पण तिनं विचारलं, “गावात राहिले तर दुखणार नाही का?” मी तिची बॅग भरायला घेतली. वर्षातून दोन-तीनदा तिला त्रास होतो. पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी सतत बरोबर असते. आबा तीन वर्षांपूर्वी गेले. मातीला सगळं गाव आलं होतं.

गेल्या डिसेंबरात थंडी जास्त पडली आणि तिच्या रूममेटचा मला सकाळी फोन आला, की हिला रात्रीपासून दुखतंय, दवाखान्यात जाऊन आलो, पण तुम्ही या. मी मदतनीसबाईंवर अंगणवाडी सोपवून चोपड्यावरून जळगावची बस धरली. बसमध्ये मी प्रार्थना करत होते. कधी मागत होते, कधी नुसती बसून होते. बाहेर केळीच्या बागा होत्या, मध्येच कापसाची शेतं. दुपारी पोचले.

मुलगी दोन ब्लँकेटं घेऊन पडली होती, गरम पाण्याची पिशवी गुडघ्यांवर. रूममेट मुक्ताईनगरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिनं बाटलीवर पेननं रेघा मारून ठेवल्या होत्या, दर तासाला एवढं पाणी संपलंच पाहिजे म्हणून. मला म्हणाली, “काकू, रागावू नका. मी मुक्ताईला नवस बोललेय. हिला उतार पडला तर नारळ फोडीन.”

 तरुणपणी मी आमच्यात नवस चालत नाही असं काहीतरी बोलले असते. ती माझ्या मुलीचे पाय दाबत होती, त्यासाठी तिनं त्या दिवशी कॉलेज बुडवलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “तू जेवलीस का?” ती जेवली नव्हती. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती आम्ही तिघींनी खाल्ली. मुलीनं चतकोर खाल्ली.

नंतर मी मुलीजवळ बसून प्रार्थना केली. जरा लांबली असावी. ती डोळे मिटूनच म्हणाली, “मम्मी, थोडक्यात कर ना. झोप येतेय.” रूममेटला हसू आलं, मलाही आलं. मी आमेन म्हटलं.

दोन दिवसांनी तिचा पेपर होता. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी दे. तिनं ऐकलं नाही. स्वेटरवर शाल घेऊन, रूममेटच्या खांद्याला धरून गेली. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबले. वॉचमननं आधी हटकलं, मग आतून स्टूल आणून दिलं. मी उन्हात स्टूल सरकवून बसले. तीन तासांचा पेपर होता. ती दोन तासांनीच बाहेर आली, म्हणाली, शेवटचा प्रश्न सोडला, बसवेना. मग आम्ही रिक्षा केली आणि हॉस्टेलवर आलो.